हरभऱ्याची मर: आयसोलेटची चाचणी करून घेण्याआधी हे वाचा

मर, म्हणजे झाड सुकवणारा बुरशीजन्य रोग, दोन शेतांत सारखीच दिसली, तरी ती आणणारी बुरशी दोन्हीकडे अगदी एकसारखी असेलच असे नाही. एका रोगट झाडातून काढून शुद्ध वाढवलेल्या बुरशीला आयसोलेट म्हणतात. हरभऱ्यावर मर आणणाऱ्या फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या भारतातील चार रेस (कोणती वाणे मारते यावरून ठरणारे तिचे प्रकार) हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये नोंदवल्या. एका रेसपुढे टिकणारे वाण दुसऱ्या रेसपुढे कोलमडू शकते.

आधी मरच आहे ना?
सुकलेले झाड उपटून मूळ व खोडाचा खालचा भाग उभा चिरा. मुळे बाहेरून धडधाकट आणि आत तपकिरी-काळी रेघ असेल तर मर. मुळे कोरडी, कडकन मोडणारी, तंतुमुळे झडलेली असतील तर कोरडी मूळकूज. जमिनीलगत पांढरी बुरशी व मोहरीसारखे दाणे दिसले तर मानकुजव्या. शेवटच्या दोन्हींत आयसोलेटच्या रेस शोधण्यावर खर्च करू नका. ‘मर-प्रतिकारक वाणही मेले’ अशी तक्रार असेल तेव्हा तर हे आधी तपासाच. बियाण्यातली भेसळही तपासा.

नमुना
नुकती मान टाकलेली, पाने अजून हिरवट-पिवळी असलेली झाडे घ्या. पूर्ण वाळलेल्या झाडावर इतर बुरशा आधीच बसलेल्या असतात. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून किमान पाच झाडे मुळांसकट काढा. सगळी एकाच कोपऱ्यातून आणलीत, तर शेतात एकच प्रकार असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. प्रत्येक झाड वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि नमुना कुजतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. चिठ्ठीत वाण, पेरणीची तारीख, आधीचे पीक आणि बीजप्रक्रिया हवी. नमुना दोन दिवसांत आमच्या प्रयोगशाळेत पोहोचवा.

आम्ही काय करतो
खोडाचे 3 ते 5 मिमीचे तुकडे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक-दोन मिनिटे ठेवून, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन बटाटा-डेक्स्ट्रोज-आगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर ठेवतो. 25 ते 28 अंश सेल्सिअसला चार-पाच दिवसांत वाढ दिसते. त्यातून एकाच बीजाणूपासून (बुरशीच्या सूक्ष्म बीजापासून) पुढचे शुद्ध संवर्धन घेतो. ही पायरी गाळली तर एका नळीत दोन आयसोलेट मिसळतात आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. बुरशीची ओळख टीईएफ-1 अल्फा जनुकाच्या क्रमावरून पक्की करतो. फ्युजॅरियममध्ये फक्त आयटीएस या डीएनएच्या दुसऱ्या भागावर भिस्त ठेवणे आम्हाला पटत नाही, जवळच्या प्रजाती त्यातून नीट वेगळ्या होत नाहीत.

आयसोलेटमधील फरकासाठी आरएपीडी किंवा आयएसएसआर या डीएनए चाचण्यांत उमटणाऱ्या पट्ट्या पाहतो. आरएपीडी स्वस्त आहे, पण लहरी: डीएनएची मात्रा, मॅग्नेशियम किंवा यंत्र बदलले तरी पट्ट्या बदलतात. म्हणून तुमचे सगळे आयसोलेट एकाच खेपेत, दोनदा चालवतो, सोबत डीएनए न घातलेली नळीही ठेवतो. त्या नळीत पट्टी आली की ती खेप रद्द.

अहवाल वाचताना
वृक्षाकृतीत (पट्ट्यांच्या साम्यावरून काढलेल्या नात्याच्या आकृतीत) दोन आयसोलेट वेगळ्या गटांत पडले म्हणजे त्यांच्या रेस वेगळ्या, असे होत नाही. या पट्ट्या जनुकसंचात कुठूनही येतात, रोग लावण्याची ताकद मात्र थोड्याच जनुकांवर ठरते. नात्याचा प्रश्न असेल तर डीएनए चाचणी मागा. ‘कोणते वाण पेरू?’ हा प्रश्न असेल तर भेददर्शक (रेस ओळखून देणाऱ्या) वाणांची चाचणी मागा. तिच्यात जेजी-62, सी-104, जेजी-74, अण्णिगेरी, चाफा अशा दहा वाणांच्या रोपांना आयसोलेटची लागण करून किती मरतात ते मोजतो. तापमान 25 अंशांच्या आसपास धरावे लागते. ते चढले-उतरले तर मध्यम प्रतिकारक वाणाचा कौल फिरतो. या चाचणीला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे नमुना हंगामातच पाठवा.

मागणी केल्यास आयसोलेट गाळणकागदावर वाळवून परत देतो. महाविद्यालयांनी तो दर महिन्याला नव्या आगरवर हलवत राहू नये, तसे केल्यास रंग-रूप बदलते आणि रोग लावण्याची ताकद घटते. कागद थंड व कोरडा ठेवून लागेल तेवढाच तुकडा वापरावा.