गॅझेला: एका शेणकिड्याचं नाव आणि नकाशा

डिजिटॉन्थोफॅगस गॅझेला (फॅब्रिशियस, १७८७). कीटकशास्त्राच्या यादीत ही ओळ अशी छापलेली असते. तिच्यातला कंस नजरचुकीने किंवा सजावट म्हणून आलेला नाही. या किड्याचं आडनाव बदललंय, एवढं तो कंस सांगतो.

प्राण्यांची शास्त्रीय नावं मतदारयादीसारखी असतात, आडनाव आधी आणि नाव मागून. आडनाव म्हणजे प्रजाती, नाव म्हणजे जाती. योहान क्रिस्टियन फॅब्रिशियस हा दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसचा डॅनिश शिष्य. त्याने आयुष्यात हजारो कीटकांना नावं दिली. १७८७ मध्ये कोपनहेगनला छापलेल्या ग्रंथात त्याने या तपकिरी, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या किड्याचं बारसं केलं ते 'स्कॅरॅबियस गॅझेला' असं. नराच्या डोक्यावर दोन छोटी, मागे वळलेली शिंगं असतात, म्हणून हे हरणाचं नाव. बारा वर्षं आधी याच्याच एका थोराड भाऊबंदाला त्याने 'बोनासस', म्हणजे रानबैल, म्हटलं होतं. शिंगवाले किडे आणि शिंगवाली जनावरं अशी जोडी लावायची त्या काळच्या लोकांना हौसच होती.

त्या वेळी शेणातला जवळपास प्रत्येक भुंगेरा 'स्कॅरॅबियस' या एकाच घराण्यात कोंबला जाई. पुढे घरं वेगळी होत गेली. १८०२ मध्ये फ्रेंच अभ्यासक लात्रेयने 'ऑन्थोफॅगस' हे घराणं मांडलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सरळ 'शेण खाणारा'. आज त्यात दोन हजारांहून जास्त जाती आहेत. १९५९ मध्ये चेक अभ्यासक बाल्थासारने त्यातून 'डिजिटॉन्थोफॅगस' हा छोटा गट वेगळा काढला. गॅझेला आणि बोनासस त्यात गेले. पण सगळ्यांनाच ही वाटणी पटली नाही, त्यामुळे जुन्या आडनावाने लिहिणारे अजूनही भेटतात. दोन्ही नावांखाली किडा एकच असतो.

नियम असा की आडनाव कितीही वेळा बदललं तरी नाव तेच राहतं आणि श्रेय पहिल्या नाव ठेवणाऱ्याला जातं. फक्त त्याचं नाव कंसात टाकायचं. वनस्पतिशास्त्रात घर बदलून देणाऱ्याचंही नाव जोडतात, प्राणिशास्त्रात त्याला काहीच मिळत नाही. आणखी एक खोच लिंगाची. जातीचं नाव विशेषण असेल तर ते आडनावाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, इजिप्तच्या पवित्र शेणकिड्याचं 'सेसर' हे तसं विशेषण. 'गॅझेला' मात्र नाम आहे, म्हणून पुल्लिंगी आडनावापुढेही ते स्त्रीलिंगीच दिसतं. 'गॅझेलस' असं 'सुधारून' लिहिणं म्हणजे शुद्धलेखनाच्या नादात केलेली चूक.

हे सगळं प्राणी-नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. आधी ठेवलेलं नाव ग्राह्य, या अग्रक्रमाचं घड्याळ १७५८ पासून चालू होतं, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीच्या सालापासून.

आता नकाशा. जुन्या पुस्तकांत गॅझेलाचा मुलूख आफ्रिका, अरबस्तान ते भारत असा ऐसपैस दाखवलेला असे. त्यात माणसाने भर घातली. हा किडा शेणाचे गोळे घरंगळवत नेत नाही. शेणाच्या पोच्या खालीच बोगदे खणतो, शेण आत ओढतो आणि त्याच्या गोळ्यांत अंडी घालतो. उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. शेणात वाढणाऱ्या माश्यांचा त्रास असलेल्या पशुपालकांना असा किडा हवाच होता. १९५७ मध्ये तो हवाईत सोडण्यात आला.

खरी गोष्ट घडली ती ऑस्ट्रेलियात. तिथे गाई गेल्या १७८८ मध्ये, वसाहतवाल्यांच्या जहाजांतून. तिथले शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांवर पोसलेले. गाईचा ओला, पसरट पो त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कामाचा नव्हता. शेण महिनोन्‌महिने कुरणात वाळत पडे, त्याखाली गवत मरे, आणि माश्यांचं फावे. हंगेरीहून तिथे गेलेल्या कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसाच्या हे डोळ्यांवर आलं, कारण त्याच्या मायदेशात शेण असं पडून राहत नसे. (गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या आजीला हा प्रश्नच कळला नसता.) त्याच्या आग्रहावरून सीएसआयआरओ या सरकारी संस्थेने १९६५ ते १९८५ बाहेरचे शेणकिडे आणण्याचा प्रकल्प चालवला. रोगराई येऊ नये म्हणून बहुतेक वेळा किडे न आणता अंडी आणायची, ती धुऊन निर्जंतुक करायची आणि हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत ठेवायची, असा खटाटोप होता. सुमारे ४३ जाती सोडल्या, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास रुजल्या. गॅझेला हवाईमार्गे आला, १९६८ मध्ये क्वीन्सलंडच्या उत्तरेला सोडला गेला आणि झपाट्याने पसरला.

१९७० च्या दशकात तो टेक्सासला पोचला, तिथून स्वतःच्या पंखांनी मेक्सिकोत उतरला. ब्राझीलने १९८९ च्या सुमारास तो मुद्दाम आणला, आणि आज दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागात तो आहे. तिथल्या अभ्यासकांना आता वेगळीच चिंता आहे: पाहुण्यामुळे घरच्या शेणकिड्यांचं काय होणार?

आणि मग २०१७ मध्ये नकाशाखालची चादरच ओढली गेली. झेनिए आणि मोरेत्तो या अभ्यासकांनी डिजिटॉन्थोफॅगसचा सगळा गट नव्याने तपासला, तेव्हा आफ्रिकेत ज्याला सरसकट गॅझेला म्हटलं जाई तो एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा मेळ निघाला. म्हणजे संग्रहालयातल्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर 'गॅझेला' लिहिलं असेल तर नमुना पुन्हा भिंगाखाली घ्यायला हवा. हे भारतातल्या जुन्या नोंदींनाही लागू आहे, कारण बोनासस आपल्याकडे आणि आग्नेय आशियात राहतोच.

त्याच वर्षी ती संहिता सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय नामकरण आयोगाकडे एक अर्ज गेला. नाव कुठल्या जातीचं, हे शेवटी एका नमुन्यावरून ठरतं. तो मूळ नमुना आणि प्रचलित वापर जुळत नसेल, तर आयोग नवा नमुना नेमून प्रचलित अर्थ वाचवू शकतो. गॅझेलासाठी तेच मागितलं होतं. जगभर गुरांच्या शेणावर सोडलेल्या आणि शेकडो शोधनिबंधांत आलेल्या किड्याचं नाव अडीचशे वर्षांपूर्वीच्या टाचणीपायी दुसऱ्याला द्यावं लागू नये, एवढीच अर्जदारांची मागणी होती.