कपिलेश्वर मंदिर, बेळगाव

कपिलेश्वर म्हणजे बेळगाव शहर आणि शहापूर यांच्या सांध्यावरचं, रेल्वे लाइनीला लागून असलेलं शंकराचं देऊळ. बेळगावकर याला दक्षिण काशी म्हणतात. वरून आता ओव्हरब्रिज गेलाय आणि रस्ता सांगताना लोक सरळ 'कपिलेश्वर ब्रिज' असंच सांगतात, त्यामुळे कधी देवळात न गेलेल्यालाही नाव पाठ असतं. नाशिकच्या कपालेश्वराशी याची गल्लत करू नये, ते देऊळ वेगळं, तिथे शंकरासमोर नंदी नाही म्हणून ते प्रसिद्ध आहे.

आख्यायिका कपिल मुनींची. मुनींनी या जागी तप केलं, इथली पिंड स्वयंभू आहे आणि त्यांच्यावरूनच देवाला नाव पडलं असं मानतात. बारा ज्योतिर्लिंगं करून आलात तरी कपिलेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे तर इथल्या घराघरात सांगितलं जातं. कपिल मुनी म्हणजे कर्दम ऋषी आणि देवहूती यांचे पुत्र, सांख्य दर्शनाचे प्रवर्तक, भागवतात त्यांना विष्णूचा अवतार मानलंय. सगर राजाच्या अश्वमेधाचा घोडा इंद्राने पळवून यांच्या आश्रमात बांधला, राजाचे साठ हजार मुलगे पृथ्वी खणत खणत तिथे पोचले आणि मुनींनाच चोर म्हणाले, मुनींनी डोळे उघडले आणि सगळे जागच्या जागी भस्म झाले. त्यांना मुक्ती मिळावी म्हणून सगराचा नातू अंशुमान झाला, त्याचा मुलगा दिलीप झाला, शेवटी दिलीपाच्या मुलाने, भगीरथाने गंगा खाली आणली. म्हणजे गंगा पृथ्वीवर आली ती कपिल मुनींमुळे, आणि म्हणूनच बंगालमध्ये गंगासागरला, गंगा समुद्राला मिळते तिथे, संक्रांतीला कपिल मुनींच्या देवळात एवढी मोठी जत्रा भरते. ही गोष्ट माहीत असली की बेळगावच्या देवळाला काशीचं नाव आणि जवळच्या तळ्याला कपिल तीर्थ हे नाव का, ते आपोआप कळतं. दक्षिण काशी कोल्हापूरलाही म्हणतात, वाईलाही, पैठणलाही, पण त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. काशीला जाणं ज्या काळात महिनोन्‌महिन्यांचं काम होतं त्या काळात प्रत्येक मुलखाने आपली काशी जवळ करून घेतली, बेळगावनेही केली.

गावचा इतिहास पण मोठा आहे. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी वेणुग्रामला म्हणजे बेळगावला आणली, किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन देऊळ, १२०४ ची, त्यांच्याच काळातली. पुढे यादव आले, विजयनगर आलं, १४७२-७३ च्या सुमारास बहमनींच्या महमूद गवानाने किल्ला घेतला, मग आदिलशाही, मराठे, आणि १८१८ ला इंग्रज. शहापूर मात्र सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होतं. विणकरांचं गाव, इथल्या साड्यांना लांबलांबून मागणी. म्हणजे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत एका बाजूला इंग्रजांचा अंमल आणि दुसऱ्या बाजूला संस्थानिकांचा, आणि दोन्हीकडची माणसं एकाच पिंडीवर पाणी घालणारी. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, त्यानंतरचा सीमावाद सगळ्यांना माहीत आहे. पण देवळाच्या रांगेत पुढे मराठी माणूस आणि मागे कन्नड माणूस हे नेहमीचंच दृश्य, आणि मला ही या देवळाची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मराठी आणि कन्नड पंचांग दोन्ही अमांत, महिना अमावास्येला संपणारं, त्यामुळे श्रावण दोघांचा एकाच दिवशी लागतो आणि श्रावणी सोमवारची गर्दी पण दोघांची एकत्रच होते.

पूजेची पद्धत इतर शिवालयांसारखीच. बेल पालथा वाहायचा आणि प्रदक्षिणा अर्धी घालायची, पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती सोमसूत्राची रेघ ओलांडायची नाही, तिथपर्यंत जाऊन उलटं फिरायचं. नवखा माणूस तसाच पुढे जायला लागला की मागून एखादी आजी दंडाला धरून वळवते. महाशिवरात्रीला गर्दीचा कळस असतो, उपवासाची माणसं हातात तांब्या, बेल आणि पांढरी फुलं घेऊन तासन्‌तास रांगेत उभी असतात.

कपिल तीर्थ म्हणजेच कपिलेश्वर तलाव गाजतो तो अनंत चतुर्दशीला. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने बेळगावात सार्वजनिक गणपती सुरू झाला तो झेंडा चौकात, आणि आज गल्लोगल्लीच्या मंडळांचे गणपती विसर्जनाला याच तलावावर येतात. मिरवणूक रात्रभर चालते, दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी मंडळं नंबर लावून उभी असतात, मोठ्या मूर्ती क्रेनने उचलून पाण्यात सोडतात. एवढ्याशा तलावात एका रात्रीत इतक्या मूर्ती जातात, त्यात प्लॅस्टरची मूर्ती विरघळत नाही, रंग पाण्यात उतरतो तो वेगळाच. ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो त्यात निदान घरचा गणपती तरी शाडूचाच सोडावा, आणि निर्माल्य पाण्यात न टाकता काठावर वेगळं द्यावं.