'ती ओरडली का नाही?'

लैंगिक अत्याचाराची बातमी आली की खालच्या प्रतिक्रियांमध्ये एक प्रश्न हमखास सापडतो: ओरडली का नाही? पळाली का नाही? हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला गेला तर वाईट वाटतं. तोच ठाणे अंमलदार, डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्या तोंडून आला, तर पुढची सगळी प्रक्रियाच बिघडते. म्हणून पीडितांना आधार देणाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी हाच प्रश्न सर्वांत आधी घेईन. त्याचं उत्तर नीतिशास्त्रात शोधायची गरज नाही. ते मज्जाशास्त्रात आहे आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या नावावरून मथुरा खटला म्हणून तो देशभर ओळखला जातो. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर इजेच्या खुणा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून आंदोलन उभं राहिलं आणि 1983 साली कायदा बदलला. पण 'खुणा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती' ही साखळी लोकांच्या डोक्यातून गेली नाही. ती कुठे तुटते ते समजायला आधी कोंबडीकडे जावं लागतं.

1646 साली अथानासियस किर्खर या जर्मन विद्वानाने एक प्रयोग लिहून ठेवला. कोंबडीचे पाय बांधून तिला जमिनीवर आडवी करायची, चोचीपासून खडूने एक रेघ ओढायची आणि मग पाय सोडायचे. दोरी निघालेली असते, तरी कोंबडी हलत नाही. किर्खरला वाटलं, तिला ती रेघच दोरी वाटत असावी. रेघेचा काही संबंध नाही, हे नंतर कळलं. कोंबडीला घट्ट दाबून धरणं एवढंच पुरेसं असतं. काही सेकंद ती धडपडते आणि मग एकदम शांत होते. डोळे उघडे असतात, आजूबाजूचं सगळं मेंदूत पोचत असतं, पण स्नायू हुकूम मानत नाहीत. या अवस्थेला टॉनिक इममोबिलिटी म्हणतात. आपण तिला 'थिजणं' म्हणू. बेडूक, ससे, बदकं, शार्क अशा कितीतरी प्राण्यांत ती आढळते. यात फायदाही आहे: हालचाल थांबली की शिकारी पकड ढिली करतो आणि काही प्राणी त्या क्षणी निसटतात.

आता मेंदूत शिरू. मध्यमेंदूच्या मधोमध द्रव वाहून नेणारी एक बारीक नाली आहे आणि तिच्याभोवती करड्या पेशींचं वेष्टण आहे. त्याचं नाव पेरिॲक्विडक्टल ग्रे, थोडक्यात पीएजी. हा विचार करणारा मेंदू नाही. तो फार जुना आहे, उंदरालाही आहे आणि आपल्यालाही. त्यात उभे पट्टे असतात. बाजूचे आणि वरचे पट्टे चेतवले तर प्राणी पळतो किंवा अंगावर येतो. खालचा, बाहेरच्या अंगाचा पट्टा चेतवला तर तो जागच्या जागी थांबतो. म्हणजे पळणं, लढणं आणि थिजणं या तिन्हींच्या कळा एकाच पाटीवर आहेत. कोणती दाबली जाईल हे धोका किती जवळ आहे आणि सुटकेची वाट आहे की नाही यावर ठरतं. माणूस तिथे बसून निवड करत नाही.

कळ दाबली कशी जाते, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. 2016 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात उंदरांमधलं हे जाळं उलगडून दाखवलं. भीतीची खबर अमिग्डला या बदामाएवढ्या केंद्रात पोचते. तिथून पीएजीकडे जाणाऱ्या पेशी चेतवणाऱ्या नसून दाबणाऱ्या आहेत. मग थिजणं सुरू कसं होतं? पीएजीच्या खालच्या पट्ट्यात थिजवणाऱ्या पेशी एरवीही तयारच असतात, पण शेजारच्या दुसऱ्या पेशी त्यांना सतत दाबून ठेवतात. अमिग्डला या दाबणाऱ्या पेशींनाच दाबते. ब्रेकवरचाच ब्रेक लागला की थिजवणाऱ्या पेशी मोकळ्या होतात, संदेश मेंदूच्या देठातून खाली उतरतो आणि पाय जागीच खिळतात. नकाराचा नकार म्हणजे होकार, तसाच हा हिशोब. याचा वेग असा की 'मी आता काय करू?' हा विचार जुळण्याआधी शरीराचं ठरलेलं असतं. साधं दचकून थबकणं याच जाळ्यातून येतं. पकडलं गेल्यावरचं थिजणं ही त्याच्या पुढची, जास्त खोल अवस्था आहे.

याच पीएजीची आणखी एक करामत आहे. 1969 साली रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने उंदरांच्या या भागाला विजेची चेतना दिली आणि भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शरीर स्वतःच अफूसारखी रसायनं सोडतं आणि वेदना बुजते. 'त्या वेळी काही दुखलंच नाही, जणू ते अंग माझं नव्हतंच' असं एखादी बाई सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला ते बनावट वाटतं. जीवशास्त्राला त्यात नवल वाटत नाही.

माणसांमध्ये हे किती वेळा घडतं? स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 70 टक्के स्त्रियांनी लक्षणीय थिजणं अनुभवलं होतं आणि 48 टक्के स्त्रियांनी अतितीव्र. ज्या थिजल्या होत्या त्यांना सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणाव आणि नैराश्य जास्त प्रमाणात झालेलं दिसलं. म्हणजे ज्या अवस्थेवरून तिच्यावर संशय घेतला जातो, तीच अवस्था ती पुढे जास्त आजारी पडेल याची खूण आहे.

खरं तर आपल्या भाषेला हे केव्हापासून ठाऊक आहे. बोबडी वळली, दातखीळ बसली, हातपाय गळाले, पाचावर धारण बसली, जागच्या जागी थिजले. घशातून आवाज न निघणं, जबडा घट्ट मिटणं, स्नायूंतलं बळ जाणं, अशी एकेक शारीरिक खूण या शब्दांत अचूक टिपलेली आहे. पीडिता पोलीस ठाण्यात बसून हेच शब्द वापरते. आणि जबाबात काय उतरतं? 'सदर वेळी मी आरडाओरडा अगर प्रतिकार केला नाही.' तिने सांगितलं होतं 'माझी दातखीळ बसली'. त्या वाक्यात कारण होतं. जबाबातल्या वाक्यात कारण गळालं आणि फक्त न-करणं उरलं. पुढे उलटतपासणीत ते न-करणंच तिच्यावर उलटतं. प्रशिक्षणातून एकच सवय लागली तरी खूप होईल, असं मी म्हणेन: तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. कायदाही आता याच बाजूने आहे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हे 2013 पासून बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

प्रश्न कसा विचारायचा, हे दुसरं कौशल्य. तीव्र भीतीत मेंदू मुख्य तपशील घट्ट धरतो (चाकू, वास, एखादं वाक्य) आणि कडेचा सोडून देतो. वेळ, क्रम, खोलीतल्या वस्तू निसटतात. म्हणून 'साडेसात वाजले होते की आठ?' असं दामटून विचारलं तर ती अंदाजाने काहीतरी सांगते, आणि तोच अंदाज पुढे विसंगती ठरतो. लहान मुलांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालशाळेच्या खटल्यात मुलांना इतके सूचक प्रश्न विचारले गेले की खरं काय ते कळायचा रस्ताच बुजला. त्यातून धडा घेऊन नव्या पद्धती आल्या. 'काय झालं ते सगळं सांग', 'मग काय झालं?', 'त्याबद्दल अजून सांग' असे उघडे प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचं. 'का' मात्र टाळायचं. मराठीत 'का' म्हटलं की बहुतेकदा जाब विचारल्यासारखंच ऐकू येतं.

वाचायला हे सोपं आहे, हातात बसायला अवघड. मुलांच्या मुलाखतींचे अभ्यासक मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षित मुलाखतकारांवर लक्ष ठेवलं, तर देखरेख आणि अभिप्राय चालू असेपर्यंत त्यांचे प्रश्न चांगले राहिले आणि ते थांबल्यावर दर्जा लवकरच घसरला. कारण पुन्हा मेंदूच. समोर रडणारं मूल असतं तेव्हा मुलाखतकारावरही ताण असतो. ताणात कपाळामागचा विचारी भाग मंदावतो आणि जुनी सवय पुढे येते. जुनी सवय म्हणजे 'अगं, पण तू ओरडली का नाहीस?' म्हणून दोन दिवसांची कार्यशाळा, फोटो आणि प्रमाणपत्र यांनी काम होत नाही. मुंबईत 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात आरोग्यावर संशोधन करणाऱ्या 'सेहत' संस्थेसोबत हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी 'दिलासा' केंद्र उभं राहिलं. या दोन्हींत मला मोलाची वाटते ती रचनाच: प्रशिक्षित माणूस रोज त्याच जागी, पोलीस आणि परिचारिका यांच्या शेजारी बसतो.

दोन गोष्टींपासून मात्र सावध राहायला हवं. आघातानंतर अचानक गप्प होणारी, झटके येणारी मुलगी आजही बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडे नेली जाते. तिथे तिला पुन्हा धरलं जातं, पुन्हा दाबलं जातं, म्हणजे थिजण्याची तीच कळ पुन्हा दाबली जाते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा वेळी वापरायलाच हवा. दुसरी गोष्ट इंग्रजी बोलते. 'पेशीपेशीत साठलेला आघात' शनिवार-रविवारच्या शिबिरात काढून देणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या तोंडी पॉलिव्हेगल सिद्धांत असतो, म्हणजे भीतीच्या प्रतिक्रिया व्हेगस या मज्जातंतूवरून समजावणारी मांडणी. त्या सिद्धांतातले शरीरशास्त्रीय दावे अनेक तज्ज्ञांना मान्य नाहीत. घटनेनंतर लगेच बसवून सगळं खोदून वदवून घेणं हेही औषध नाही. जागतिक आरोग्य संघटना ते करू नका असंच सांगते. तिच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतला क्रम साधा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. सुरक्षित जागा, पाणी, कपडे, डॉक्टर, तिला हवं असलेलं माणूस.

आणि ती स्वतःच विचारते तेव्हा? बहुतेक जणी कधी ना कधी विचारतातच: 'मी ओरडले का नाही हो, ताई?' तेव्हा कोंबडी, पीएजी, अमिग्डला काही सांगायचं नसतं. ताईने एवढंच म्हणायचं: 'तुझी दातखीळ बसली होती ना? ती तू बसवली नव्हतीस.' आणि मग गप्प राहून ती पुढे काय बोलते याची वाट पाहायची.