टॅरँटुलासाठी घरीच झुरळं वाढवायची तर सांगलीच्या हवेत काय वेगळं करावं लागतं

मिरजेच्या माझ्या एका मित्राचा तीन वर्षं वाढवलेला टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, एका दिवसात गेला. खाद्य संपलं होतं, सिंकखाली एक मोठं लालसर झुरळ दिसलं, पकडलं आणि टाकलं त्याच्या डब्यात. कोळ्यानं झडप घातली, सगळं खाल्लं, आणि सकाळी बघतोय तर पाय थरथरतायत, चालताना एका बाजूला कलतोय, संध्याकाळपर्यंत आठही पाय पोटाखाली आखडून गेले. आठ दिवसांपूर्वीच बिल्डिंगमध्ये पेस्ट कंट्रोल झालं होतं, ते त्या गडबडीत त्याच्या लक्षातच आलं नाही.

यामागचं कारण समजून घ्या. झुरळाच्या स्प्रेमध्ये आणि त्या खडूमध्ये बहुतेक वेळा सिंथेटिक पायरेथ्रॉइड नावाची औषधं असतात. मज्जापेशीवर सोडियमची ये-जा करणारी बारीक दारं असतात, संदेश गेला की ती लगेच मिटायला पाहिजेत, हे औषध ती मिटूच देत नाही, मग पेशी एकसारखी संदेश सोडत बसते, म्हणून ती थरथर. कोळी हा कीटक नाही, पण ही दारं दोघांच्याही अंगात जवळपास सारखीच. आणि घरातली झुरळं पिढ्यान्‌पिढ्या औषध खाऊन निबर झालेली असतात, त्यांना काही होत नाही, ती औषध अंगावर घेऊन फिरतात आणि मार बसतो खाणाऱ्याला. तेव्हा घरातलं, गटारातलं, शेजाऱ्यांकडचं झुरळ कोळ्याला कधीच घालायचं नाही. स्वतःची वसाहत, म्हणजे आपण हिला कॉलनीच म्हणतो, ती करायची.

आता झुरळ म्हटलं की घरात पहिला प्रश्न आईचा, "अरे, सगळ्या घरात होतील की ती!" प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर जातीत आहे. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत, त्यातल्या माणसाच्या घरात घुसणाऱ्या साधारण तीसच. बाकीची जंगलात पालापाचोळा खाऊन राहतात. (आपली वाळवीसुद्धा झुरळांच्याच कुळातली आहे, हे डीएनए तपासून २००७ साली नक्की झालं.) सिंकखालचं मोठं झुरळ अमेरिकन म्हणवतं पण मूळचं आफ्रिकेतलं, आणि किचनमधलं छोटं झुरळ जर्मन म्हणवतं पण २०२४ च्या एका डीएनए अभ्यासात दिसलं की ते साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला एका आशियाई जातीतून तयार झालं. दोन्ही काचेवर, गुळगुळीत प्लॅस्टिकवर सरसर चढतात. म्हणून ती नकोतच.

कॉलनीसाठी घ्यायचं ते डुबिया. दक्षिण अमेरिकेतलं, अर्जेंटिना-पॅराग्वेकडचं झुरळ, पूर्ण वाढलं की चार-साडेचार सेंटिमीटर. नराला लांब पंख असतात, पण तो उडत नाही, वरून पडला तर फडफडतो इतकंच. मादीला पंखांच्या जागी नुसत्या दोन छोट्या पाकळ्या. पायाला गुळगुळीत भिंतीवर पकड नाही, त्यामुळे साध्या प्लॅस्टिकच्या टबाची भिंतसुद्धा त्याला चढता येत नाही. लाल रनर नावाचं दुसरं एक झुरळ हौशी लोक ठेवतात, टर्केस्टन झुरळ म्हणतात त्याला. तेही चढत नाही, भराभर वाढतं, पण अंड्यांच्या कॅप्सूल बाहेर टाकतं, साफसफाईत एखादी कचऱ्याबरोबर गेली की काम बिघडलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ते १९७८ मध्ये पहिल्यांदा सापडलं आणि नंतर तिथल्या कोरड्या भागात सगळीकडे पसरलं. मध्य आशियातल्या कोरड्या उष्ण हवेतलं झुरळ आहे ते, आणि आपल्याकडे जत-आटपाडीचा कोरडा पट्टा डोळ्यासमोर आणा. माझं स्पष्ट मत आहे, सांगली-साताऱ्यात कुणी ते ठेवू नये.

डुबियाबद्दलही एक गोष्ट सांगतो, जी परदेशी व्हिडिओत उलटी सांगितलेली असते. ते लोक म्हणतात, एखादं सुटलं तरी काळजी नको, घरातल्या थंडीत वाढणार नाही. त्यांच्याकडे खरं आहे ते. डुबियाला पिल्लं व्हायला २७ ते ३२ डिग्री लागतात, २० च्या खाली सगळं थंडावतं. पण सांगलीत वर्षातले आठ-नऊ महिने घरातलं तापमान आपोआपच तेवढं असतं! म्हणजे त्यांची निम्मी मेहनत हीटिंगवर जाते ती आपली वाचते, आणि त्यांना थंडीनं जे फुकटचं कुंपण दिलंय ते आपल्याला नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, जिथली हवा अशीच उबदार, तिथे डुबिया ठेवायलाच बंदी आहे. तेव्हा आपल्याकडे झाकण, जाळी आणि सवय ह्या तीन गोष्टींत ढिलाई चालत नाही. बाहेरच्या देशातून पोस्टानं तर मागवूच नका, जिवंत कीटक परवान्याशिवाय आणता येत नाहीत, इथेच वाढवलेली घ्या.

तर डबा. ४०-५० लिटरचा, आतून गुळगुळीत, झाकणाला क्लिप असलेला प्लॅस्टिकचा टब. झाकण मधून कापायचं आणि तिथे स्टीलची बारीक जाळी ग्लू गननं चिकटवायची, नायलॉनची मच्छरजाळी नको, ती कुरतडतात. वरच्या कडेला आतून चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा ओढून ठेवायचा. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, अंडीवाल्याकडे मागितले की मिळतात, पण कोरडे आणि न फुटलेल्या अंड्यांचे बघून घ्या. ट्रे आडवे रचायचे नाहीत, पुस्तकं कपाटात लावतो तसे उभे लावायचे, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि जागा स्वच्छ राहते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१५ वर येतो तेव्हा टबच्या एका बाजूला बाहेरून हीट मॅट लावायची, थर्मोस्टॅटसकट, बिनथर्मोस्टॅटची मॅट प्लॅस्टिक वितळवू शकते. एकच बाजू गरम ठेवायची, म्हणजे त्यांना पाहिजे तिथे जाऊन बसता येतं.

मुंग्यांचा विषय परदेशी लोक एका ओळीत संपवतात, आपल्याकडे तोच सगळ्यात मोठा. लाल मुंग्यांना रांग लावायला एक रात्र पुरते आणि नुकतंच जन्मलेलं किंवा कात टाकलेलं मऊ पिल्लू त्यांना सोपं सापडतं. मुंग्यांची पावडर टाकता येत नाही, कारण ती झुरळांनाही मारते. ह्यावर माझ्या आजीच्या घरातलाच उपाय चालला. तिच्या दुधाच्या जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या असायच्या. मी टब एका लोखंडी स्टुलावर ठेवला, पायांखाली चार वाट्या, पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण, आणि स्टूल भिंतीपासून वीतभर लांब. साबणानं पाण्याचा पृष्ठताण मोडतो, मुंगी वर तरंगून पलीकडे जाऊ शकत नाही, बुडते. दर दोन दिवसांनी पाणी बघायचं, उन्हाळ्यात ते लवकर आटतं.

पावसाळ्यात मात्र मी स्वतः मार खाल्ला. व्हिडिओत बघितलं होतं की रोज पाण्याचा फवारा मारा, ओलावा ६० टक्के ठेवा. मी जुलैमध्ये, कृष्णेला पाणी वाढलेलं, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत अशा हवेत, इमानदारीत रोज फवारा मारत होतो आणि आत दुधी भोपळ्याचे काप ठेवत होतो. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर अमोनियाचा भपकारा आला, ट्रे खालून मऊ पडलेले, त्यावर पांढरी-हिरवी बुरशी, आणि पिठात होतात तसले बारीक पांढरे माइट्स सगळीकडे सरपटत होते. शंभरेक पिल्लं गेली, फार वाईट वाटलं. झुरळाला पाणी हवं असतं ते पोटात, हवेतलं पाणी आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुरून उरतं. आता पावसाळ्यात फवारा बंद, गाजराचे जाड काप बाटलीच्या झाकणात, संध्याकाळी ठेवायचे आणि सकाळी उरलेले काढायचे. उघडं पाणी नको, पिल्लं बुडतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी खडखडीत झाली की उलट, तेव्हा रोज गाजर, अधूनमधून संत्र्याची फोड.

कोरडं खाद्य म्हणून मी ज्वारीची भरड, गव्हाचा कोंडा आणि थोडी हरभराडाळ मिक्सरवर ओबडधोबड काढतो. प्रोटीन जास्त घातलं की जास्त चांगलं असं नाही. झुरळ प्रोटीनमधला जादा नायट्रोजन सगळा बाहेर टाकून देत नाही, यूरिक ॲसिड करून अंगातल्या चरबीत साठवतं, आणि त्याच चरबीच्या पेशींत राहणारे ब्लॅटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू गरज पडली की त्यातून पुन्हा अमिनो ॲसिड बनवतात. म्हणूनच झुरळ महिनोन्‌महिने निकृष्ट खाण्यावर तग धरतं. हे जिवाणू आईच्या अंड्यातूनच पिल्लात येतात. भाजी देताना धुवून, साल काढून द्या. तासगावकडची द्राक्षं स्वस्त मिळतात म्हणून घालू नका, त्यांच्यावर फवारण्या फार होतात.

आता सगळ्यात सुंदर भाग. डुबिया अंडी बाहेर घालून सोडून देत नाही. मादी पिवळसर, नळीसारखी अंड्यांची कॅप्सूल मागून हळूहळू बाहेर काढते, तिला हवा लागते, आणि मग ती आडवी फिरवून परत पोटात ओढून घेते, तिथे एक खास पिशवी असते. साधारण दोन महिने ती पोटात राहते. एकदा रात्री अकराला लाल टॉर्च घेऊन बसलो होतो, ट्रेच्या खोबणीत एक मादी पोट ताणून थांबलेली, आणि तिच्या मागून पांढरीशुभ्र पिल्लं एकामागोमाग बाहेर येत होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसत होते. काही तासांत ती तपकिरी झाली आणि आयांच्या लेंड्या खायला लागली. घाण वाटेल, पण पोटातले जिवाणू त्यांना तिथूनच मिळतात, म्हणून सफाई करताना सगळ्या लेंड्या काढायच्या नाहीत, बोटभर थर ठेवायचाच.

किती घ्यायची? लोक शंभर-दोनशे घेऊन टाकतात, गरज नसते. हिशोब करा. एका मादीला एका वेळी २० ते ३० पिल्लं, आपण २० धरू. सहा माद्या आणि दोन नर घेतले तर दोन-अडीच महिन्यांनी १२० पिल्लं. तुमच्याकडे पाच टॅरँटुला असतील आणि प्रत्येकाला आठवड्याला एक झुरळ म्हटलं तरी महिन्याला वीसच लागतात, मोठा कोळी तर पंधरा दिवसही थांबतो. अडचण आहे ती सुरुवातीची. पिल्लू मोठं व्हायला चार ते सहा महिने लागतात, त्या काळात तुम्ही मोठी झुरळं खायला घालत राहिलात तर कॉलनी उभीच राहत नाही. पहिले सहा महिने मादीला हात लावायचा नाही, खाद्य बाहेरून विकत घ्या, नंतर आधी जादा नर काढा. पुढे फार झाली तर जास्तीची फ्रीझरमध्ये, दोन दिवस. चाळून काढलेल्या लेंड्याही कुंडीत टाकायच्या आधी तशाच फ्रीझ करायच्या, त्यात हटकून दोन-चार पिल्लं असतात. चाळताना मास्क लावा, झुरळाच्या लेंड्यांच्या धुळीनं ॲलर्जी आणि दमा वाढतो, त्यामुळे टब झोपायच्या खोलीत ठेवू नका.

कोळ्याबद्दलही एक सांगायचंच आहे. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारे आपले पोसिलोथेरिया टॅरँटुला कुणी पकडून आणून देतो म्हटलं तर घेऊ नका. ती सगळी प्रजातीच २०१९ पासून सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आणि सायटिसमधला विदेशी टॅरँटुला घरात असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून घ्या.

घालताना झुरळ कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. डुबियाची खोड अशी की धोका वाटला की निपचित पडतं, नाहीतर मातीत शिरून बसतं, आणि कोळ्याला नजर अगदीच कमी, तो पायांना जाणवणाऱ्या कंपनावर शिकार करतो, हललंच नाही तर त्याच्यासाठी ते नाहीच. म्हणून मी चिमट्यानं झुरळाचं डोकं दाबतो. झुरळाच्या शरीरात प्रत्येक भागाला मज्जापेशींची स्वतंत्र गाठ असते, त्यामुळे डोकं गेलं तरी पाय बराच वेळ हलत राहतात, तेवढं कोळ्याला पुरतं. कात टाकायला आलेला कोळी खात नाही, तेव्हा जिवंत झुरळ आत ठेवायचंच नाही, मऊ अंगाला ते चावू शकतं. आणि खाल्लं तर सकाळी कोपऱ्यात एक काळपट ओला गोळा सापडेल, पाचक रस सोडून आतलं सगळं शोषून घेतल्यावर उरलेली टरफलं. तो लगेच चिमट्यानं काढा, दुपारपर्यंत राहिला तर मुंग्यांना वास लागतो आणि कोळ्याच्या डब्याच्या पायाखाली वाट्या नसतात.