आरशाच्या दोन तुकड्यांची गंमत

ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या माझ्या मामेबहिणीची अडचण साधी होती. टॅबलेटचा पुढचा कॅमेरा तिचा चेहरा दाखवायचा आणि मुलांना बघायची असायची तिच्या वहीतली गणितं. मी फुटलेल्या आरशाचा एक तुकडा घेतला, कडा घासल्या आणि कॅमेऱ्यासमोर तिरका चिकटवला. 'फुटका आरसा घरात ठेवू नये,' असं मामी म्हणाल्या. काचेने बोट कापेल ही भीती खरी, पण तिच्यामुळे घरावर संकट येतं याला काहीही आधार नाही.

२०१४ साली बाजारात आलेल्या 'ऑस्मो' या खेळण्यातही हीच कल्पना आहे. प्रमोद शर्मा आणि जेरोम शोलर हे त्याचे निर्माते. आयपॅड स्टँडवर उभा करायचा आणि कॅमेऱ्यावर लाल टोपी अडकवायची. टोपीत आरसा असतो, त्यामुळे कॅमेऱ्याला समोरच्या मुलाऐवजी टेबलावरचे ठोकळे दिसतात. कॅमेरा तिरका बघत असल्याने चौकोनी कागद त्याला समलंब चौकोनासारखा दिसतो, तो सॉफ्टवेअर सरळ करून घेतं. अशा वस्तू 'कृत्रिम बुद्धिमत्तेची जादू' म्हणून खपवल्या जातात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण निम्मं काम शाळेतल्या परावर्तनाच्या नियमाने केलेलं असतं.

तो नियम असा: किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून आरसा १ अंशाने ढळला की कॅमेऱ्याची नजर २ अंशांनी ढळते. वही २५ सेंटिमीटरवर असेल तर दृश्य जवळजवळ १ सेंटिमीटर सरकतं. बहिणीची चिकटपट्टी उन्हाने सैल व्हायची आणि अर्धं गणित चौकटीबाहेर जायचं.

त्याहून मोठा घोळ वेगळाच होता. तिला स्वतःच्या पडद्यावर अक्षरं सुलटी दिसायची, मुलांना मात्र उलटी. बहुतेक व्हिडिओ कॉलमध्ये आपलं चित्र आपल्याला आरशातल्यासारखं उलटवून दाखवतात. आमच्या आरशाने एकदा उलटवलेलं चित्र तिच्यापुरतं पुन्हा उलटत होतं, म्हणजे सुलटं होत होतं. मुलांपर्यंत एकदाच उलटलेलं चित्र पोचत होतं.

डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवा, ती उजव्या पायाची होत नाही. आरशात बघितली की होते. फिरवणं आणि उलटवणं या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि कितीही फिरवून उलटवलेलं सुलटं होत नाही. पण दोनदा उलटवलं तर ते निव्वळ फिरवणंच ठरतं. म्हणजे इलाज एकच, दुसरा आरसा!

दोन आरशांत ४५ अंशांचा कोन ठेवला तर दोन्हींवर आपटून निघालेला किरण ९० अंशांत वळतो. आणि आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. ही जोडगोळी एकत्रच पुढे-मागे कलली तरी वळण ९० अंशांचंच राहतं. जोडी ३ अंशांनी कलली की पहिला आरसा किरणाला ६ अंश एकीकडे ढकलतो आणि दुसरा तेवढेच अंश परत आणतो. वळण ठरतं ते फक्त आरशांमधल्या कोनाच्या दुपटीवर. जमिनीची मोजणी करणारे काटकोन आखायला जो ऑप्टिकल स्क्वेअर वापरतात, त्यात असेच दोन आरसे असतात. तो हातात धरूनही काटकोन बिघडत नाही, तो यामुळेच.

जाड पुठ्ठ्यावर ४५ अंशांचा कोन कोनमापकाने आखून मी दोन तुकडे बसवले. चिकटपट्टी आजही सैल होते, पण गणित चौकटीत राहतं. मुलांना आता वही खालची वर दिसते, कारण दोन परावर्तनांनी चित्र फिरून आलेलं असतं. त्यावर तिने मुलांना फोनचं ऑटो-रोटेट बंद करून फोन उलटा धरायला सांगितलं. अक्षरं सुलटी झाली. एकच आरसा होता तेव्हा फोन कसाही धरून बघितला होता, 'क' काही वाचता आला नव्हता.