पार्श्वभूमी : बगॅसच्या ढिगातली ऊब आणि पाण्याचा वाद

ओला कडबा गंजीत घालू नये, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गंजीत हात खुपसून ऊब पाहायची आणि वाफ दिसली की गंजी उसकटायची, ही तापमानावरची देखरेखच होती. रोमन काळातल्या शेतीविषयक लेखनातही ओल्या गवताच्या गंज्या आपोआप पेटतात असा इशारा सापडतो. साखर कारखान्यांना या प्रश्नाची झळ बरीच उशिरा लागली. कमी दाबाच्या जुन्या बॉयलरमध्ये बहुतेक बगॅस, म्हणजे ऊस गाळल्यावर उरणारा चोथा, हंगामातच जळून जाई, मागे फार काही उरत नसे.

महाराष्ट्रात 2002 साली बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीसाठी (साखरेबरोबर वीजही तयार करून विकण्यासाठी) विजेचा दर ठरला आणि चित्र पालटले. दर चौरस सेंटिमीटरला 21 किंवा 32 किलो दाबाच्या बॉयलरांची जागा पुढे 67, 87 आणि 110 किलो दाबाच्या बॉयलरांनी घेतली. बगॅस वाचवणे म्हणजे पैसा वाचवणे झाले. उसाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के बगॅस निघतो. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याने त्यातला दहावा हिस्सा बाजूला टाकला, तरी दीडशे दिवसांत एकवीस-बावीस हजार टनांचा डोंगर उभा राहतो. वीज किती विकली याचे हिशेब चोख राहिले. डोंगराच्या पोटात काय चालले आहे, याची नोंद मात्र कित्येक यार्डांत, म्हणजे बगॅस साठवायच्या आवारांत, ठेवली गेली नाही. आग लागली की ‘शॉर्टसर्किट असावे’ म्हणून विषय संपवला जाई.

उसाचा रस काढणाऱ्या शेवटच्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी आणि दोनेक टक्के साखर असते. त्यावर सूक्ष्मजीव पोसतात आणि ढीग 60-65 अंशांपर्यंत तापवतात. त्यापुढे ते तग धरत नाहीत, पण तोवर हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी संथ रासायनिक क्रिया सुरू झालेली असते. उष्णता ढिगाच्या साऱ्या पोटात तयार होते, बाहेर पडायला वाट मात्र फक्त पृष्ठभागाची. म्हणून लहान ढिगाचा अनुभव मोठ्या ढिगाला लावता येत नाही. हे गणित 1930 च्या दशकातच मांडले गेले होते.

खरा वाद आहे पाण्याचा. धूळ बसावी, आग लागू नये म्हणून ढिगावर पाणी मारण्याची पद्धत जुनी आहे. यार्डवाल्यांना ती हवी असते. बॉयलरवाल्यांना नको असते, कारण ओल वाढली की किलोमागे मिळणारी उष्णता घटते. दोघेही पाणी म्हणजे गारवा असेच धरून चालतात. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात झालेल्या अभ्यासाने नेमका याच समजाला धक्का दिला. उबदार बगॅसमध्ये ओल असली तर उष्णता देणारी एक वेगळी क्रिया चालते. कोरड्या बगॅसमध्ये ती जवळपास थांबते. शिवाय आतली वाफ बाहेरच्या गार थरात जाऊन पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता तिथे सोडते. एप्रिल-मेमध्ये वरून सुकलेल्या ढिगावर वळीव कोसळतो, तेव्हा कोरडा बगॅस ओल शोषतानाच तापतो. थोडे पाणी मारणे हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय आहे. वरचा हातभर थर भिजतो, उरलेले पाणी ठरावीक वाटांनी खाली निघून जाते आणि तापलेला गाभा तसाच राहतो. दक्षिण आफ्रिकेत 1950 च्या दशकात कागद बनवायच्या बगॅससाठी ओली साठवण पुढे आली. तिच्यात बगॅस अक्षरशः चिंब ठेवतात आणि त्यामुळे आगीचा धोका टळतो. जळणासाठी ते परवडत नाही. मग हाती उरते ते कोरडे ठेवणे, वरून झाकणे, डोझरने दाबून हवा कमी करणे आणि जुना माल आधी वापरणे.

मोजमापही याच ओलीमुळे फसवे ठरते. पाणी शिल्लक असेपर्यंत त्याच्या बाष्पीभवनात उष्णता खर्च होते आणि काटा आठवडेच्या आठवडे 60-65 च्या आसपास रेंगाळतो. ‘स्थिर आहे’ असे लिहिले जाते. तो भाग सुकला की आकडा झपाट्याने चढतो. म्हणून एका आकड्यापेक्षा रोजची वाढ पाहणे महत्त्वाचे. मोजायचे कुठे, हाही प्रश्न आहे. अगदी मध्यात हवा कमी पोचते; उताराच्या आतल्या बाजूला आणि घट्ट-सैल किंवा ओल्या-कोरड्या थरांच्या सांध्यावर धोका जास्त. लोखंडी सळई खुपसून तासाभराने हाताला चटका बसतो का, हे पाहण्याची रीत होती. तिच्या जागी लांब नळीतले थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आले, नंतर ढिगात पुरायच्या तापसंवेदी केबल. इन्फ्रारेड कॅमेरा सोयीचा आहे, पण त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. बगॅस उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे कॅमेऱ्यात ठिपका उमटेपर्यंत आत धुमसणे बरेच पुढे गेलेले असू शकते. अशा वेळी घाईने ढीग फोडला तर आत हवा शिरते आणि ज्वाळा उठतात.

ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्राने औष्णिक वीज प्रकल्पांना कोळशात जैवइंधनाच्या गोळ्या मिसळण्याचे सुधारित धोरण दिले. अशा गोळ्यांचे साठेही आतून तापतात, त्यामुळे तेव्हापासून हा विषय साखरपट्ट्याबाहेरही पोचला आहे. इंग्लंडमधल्या टिलबरी वीज केंद्रात फेब्रुवारी 2012 मध्ये लाकडी गोळ्यांच्या साठ्याला मोठी आग लागली होती. गोळ्यांच्या औद्योगिक पातळीवरच्या सुरक्षित साठवणुकीचे आंतरराष्ट्रीय मानक 2020 साली आले. बंद सायलोत (साठवणुकीच्या उंच कोठीत) तापमानाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही मोजावा लागतो. तो धुमसण्याची खूण आहे आणि आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतणारा वायूही.