गोव्यातील परदेशी-देशी विवाह आणि स्त्रीविषयक साचे

एखाद्या देशाच्या, धर्माच्या किंवा वर्णाच्या बायका ‘अशाच असतात’ असा समज त्यातली एकही बाई ओळखीची नसताना लोकांच्या मनात पक्का बसलेला असतो. त्याला स्त्रीविषयक राष्ट्रीय साचा म्हणता येईल. ‘रशियन बाई पैशाच्या मागे’, ‘गोरी म्हणजे मोकळी’, ‘हिंदू बायको सोशिक’, ‘गोव्याची ख्रिस्ती मुलगी फॉरवर्ड’ ही त्याची रोजच्या बोलण्यातली रूपे. स्टिरिओटाइप हा शब्द मूळचा छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतलेला एकसंध ठसा म्हणजे स्टिरिओटाइप. तो पुनःपुन्हा छापता येतो, पण त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली माणसांविषयीच्या ठोकळ समजुतींना हे नाव दिले.

या विषयाच्या अभ्यासासाठी गोव्याइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे येथे पोर्तुगीज अंमल होता आणि नंतर पर्यटन आले. एके काळी युरोपीय पुरुष गोव्याच्या बायकांविषयी जे बोलत, तेच आज गोव्यात युरोपीय बायकांविषयी बोलले जाते.

नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकले तेव्हा मुसलमानांची मोठी कत्तल झाली. हाती लागलेल्या स्त्रियांना बाप्तिस्मा देऊन त्यांची लग्ने पोर्तुगीज सैनिकांशी लावून देण्यात आली. अशा संसारी पोर्तुगिजांना ‘काझादु’ म्हणत आणि त्यांना जमिनी, घरे मिळत. गोऱ्या व देखण्या बायका निवडाव्यात, मलबारच्या काळ्या व ‘बिघडलेल्या’ बायका नकोत, असे आल्बुकेर्कने पोर्तुगालचा राजा मानुएल याला लिहिले. वर्णावरून शील ठरवण्याची ही रीत येथे अशी थेट सरकारी कागदावर उतरली. या लग्नांना ‘मिश्रविवाह’ म्हणताना त्यांच्या बुडाशी युद्धातली लूट होती हे विसरता कामा नये. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बनहून ‘राजाच्या अनाथ मुली’ही गोव्यात पाठवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या नवऱ्यांना हुंडा म्हणून सरकारी नोकऱ्या देत.

१५८३ मध्ये यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला आणि पाच वर्षे राहिला. १५९६ साली छापलेले त्याचे प्रवासवर्णन युरोपभर वाचले गेले. त्यात गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या बायकांविषयी तो लिहितो की त्या अत्यंत कामुक असतात, नवऱ्याच्या खाण्यापिण्यात धोतऱ्याचे बी मिसळतात, मग नवरा वेड्यासारखा हसत बसतो आणि त्याच्या देखत बायको प्रियकराला भेटते. शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नाही. त्याच पुस्तकात असेही आहे की या बायकांना घराबाहेर फारसे पडू देत नसत. बाहेर निघाल्याच तर झाकलेल्या पालखीतून. ही दोन्ही विधाने शेजारी ठेवून वाचावीत. ज्यांना कोंडून ठेवले आहे त्यांच्याविषयीच सर्वांत जास्त गोष्टी रचल्या जातात. धोतऱ्याच्या या कथेत बायकांच्या वागण्यापेक्षा नवऱ्यांची धास्ती अधिक बोलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेला सर्वांत दूरगामी साचा मात्र देवळातल्या नर्तकीचा. कलावंतिणींना पोर्तुगीज ‘बायलादेइरा’ म्हणत. कोकणीतल्या ‘बायल’शी या शब्दाचा संबंध नाही, तो ‘नाचणे’ या अर्थाच्या पोर्तुगीज धातूपासून आला. फ्रेंचमध्ये त्याचे ‘बायादेर’ झाले आणि युरोपच्या कल्पनेत पूर्वेची एक ठरावीक बाई उभी राहिली: पायात घुंगरू, डोळ्यांत काजळ, प्रेमासाठी मरायला तयार. १८७७ साली सेंट पीटर्सबर्गच्या रंगमंचावर मारियुस पेतिपा याने याच नावाचे बॅले बसवले. त्यातली देवळाची नर्तकी सर्पदंशाने मरते. ते आजही जगभर होते.

या प्रतिमेत जे मावले नाही ते गोव्यात राहिले. कलावंत, भाविणी अशा देवळाच्या सेवेतल्या घरांतल्या बायकांनी देवळाच्या चौकात आणि पुढे मुंबईच्या मैफलींत शास्त्रीय संगीत पेलून धरले. त्या बालपणापासून गुरूच्या हाताखाली राबत. समाजाने त्यांना वापरले आणि नावेही ठेवली. विसाव्या शतकात गोमंतक मराठा समाज म्हणून संघटित होऊन त्यांनी शिक्षण आणि प्रतिष्ठा मिळवली. फोंडा तालुक्यातल्या केरी गावी १८९२ मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर याच परंपरेतल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. साप चावून मरणारी बायादेर आणि ही खणखणीत आवाजाची बाई एकाच मुळातून आल्या. युरोपच्या रंगमंचावर त्यांतली पहिलीच पोचली.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात आल्बुकेर्कच्या सैनिकांची ती जुनी लग्ने प्रेमाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरे १९५१ साली गोव्यात येऊन गेले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशातल्या बायकांशी सहज मिसळतो, त्याला वर्णद्वेष नाही, असा त्यांचा सिद्धान्त पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला वसाहती टिकवण्यासाठी फार सोयीचा पडला. इंग्रज इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांनी १९६३ मध्ये दस्तऐवज मांडून तो खोडला.

मुक्तीनंतर साचा देशातूनच आला. हिंदी चित्रपटांनी गोव्याची मुलगी म्हणजे फ्रॉक घालणारी, दारूच्या गुत्त्याशेजारी नाचणारी ख्रिस्ती मुलगी असे ठरवून टाकले. वास्तविक २०११ च्या जनगणनेत गोव्यात ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती होते. मुंबई-पुण्याकडे सून म्हणून गेलेल्या गोव्याच्या हिंदू मुलीलाही ‘तुमच्याकडे सगळे चालते ना?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. ख्रिस्ती मुलीच्या वाट्याला त्याहून वाईट येते.

आजचा ठळक साचा उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, पेडणे तालुक्यात पाहायला मिळतो. २००० नंतर चार्टर विमानांनी रशियन पर्यटक येऊ लागले. मोरजी आणि हरमल येथे दुकानांच्या पाट्या, हॉटेलांची मेनूकार्डे रशियन लिपीत झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या बायका पोटासाठी देशोदेशी गेल्या, आणि तुर्कस्तानात त्यांना सरसकट ‘नताशा’, म्हणजे वेश्या, म्हणू लागले. ती बदनामी गोव्यातही आधीच पोचली होती. समुद्रावर दिसणारी बाई सुटीवर असते. घरी ती शिक्षिका असेल, हिशेबनीस असेल. पण पाहणाऱ्याला ती सुटीतलीच दिसते आणि तेवढ्यावरून तिच्या देशाचा निकाल लागतो. दुसऱ्या राज्यांतून आलेले पुरुष न विचारता फोटो काढतात, ही तक्रार इतकी वाढली की जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पर्यटन खात्याला, विशेषतः पोहणाऱ्या व ऊन खात पडलेल्या पर्यटकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, असे जाहीरपणे सांगावे लागले.

याच किनाऱ्यावर लग्नेही होतात. पेडण्याची घरे बोलायला कोकणी-मालवणी, वाचायला मराठी, सोयरीक सावंतवाडीपर्यंत. अशा घरात परदेशी सून आली की चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तिची परीक्षा होते. ती स्टुलावर चढून माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला, सुपाऱ्यांचे घोस बांधत असेल तर शेजारीण म्हणते, ‘आमच्या पोरींना जमत नाही ते हिला जमते बघ.’ दुपारी थकून ती खोलीत जाऊन झोपली की तीच म्हणते, ‘शेवटी फिरंगीच ती.’ दुपारी झोपलेली घरची लेक मात्र फक्त दमलेली असते. पहिल्या वाक्यातली स्तुतीही साचाच आहे, आणि तिचा मार गावातल्या मुलींना बसतो. उलट बाजूने, भारतीय बायको नवऱ्याची सेवा करते, भांडत नाही, अशी समजूत घेऊन येणारे परदेशी पुरुषही कमी नाहीत. गोव्याच्या कोणत्याही वाड्यावर आठवडाभर राहिले तर ही समजूत टिकत नाही.

संशयाला कायद्याचेही इंधन मिळते. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि त्याचा कौटुंबिक भाग अजून चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते, निम्मी-निम्मी. त्यामुळे ‘ती भाटासाठी (बागायतीसाठी) आली’ ही कुजबुज परदेशी सुनेच्या मागे लागते. परदेशी नागरिकांनी घेतलेल्या जमिनींच्या फेमा या परकीय चलनविषयक कायद्याखाली चौकश्या झाल्या, त्यानंतर ती वाढली. प्रत्यक्षात हाच कायदा गावच्या सुनेलाही तेवढाच हक्क देतो, आणि तिने तो मागितला की तिलाही लोभी ठरवले जाते. विवाहनोंदणी नागरी निबंधकापुढे दोन टप्प्यांत होते: आधी इच्छा नोंदवायची, मग काही दिवसांनी येऊन पक्की सही करायची. परदेशी जोडीदाराला भारतात दीर्घकाळ राहू देणारे ओसीआय कार्ड हवे असेल तर नोंदणीकृत लग्न किमान दोन वर्षे टिकलेले असावे लागते. तोवर ती व्हिसावर राहते आणि मुदत संपत आली की कागदपत्रांची पिशवी घेऊन पणजीला जाते. जाताना सासू डब्यात पोळी-भाजी भरून देते.